मावशी बोलतेय

बाबा ऑफिसला जात आणि मी बाहेर जात असे. आमच्या घरात या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. बाबा सकाळी आठला डबा घेऊन निघत, राजधानीतल्या द्वारकेहून मेट्रोने केंद्र सरकारच्या आपल्या कचेरीत जात आणि संध्याकाळी उशिरा परत येत. त्यांचं जाणं-येणं ठरलेलं होतं, त्याला कुणी बाहेर जाणं म्हणत नसे. दूध, भाजी, औषधं, इस्त्रीचे कपडे, चक्कीवरून पीठ, सोसायटीच्या ऑफिसात पाण्याची तक्रार, हे सगळं बाहेर होतं आणि ते माझ्याकडे होतं. कारण आई खाली उतरत नव्हती.

असं एका दिवसात झालं नव्हतं. एकदा मेट्रो दोन स्टेशनांच्या मध्ये बोगद्यात थांबली. पाच-सात मिनिटंच. दिवे चालू होते, लोक मोबाइल बघत होते. पुढच्या स्टेशनवर आई उतरली आणि प्लॅटफॉर्मवरच खाली बसली. तिचे हात गार पडले होते आणि छातीत कुणीतरी मूठ आवळतंय असं ती म्हणत होती. त्यानंतर तिने मेट्रो सोडली. मग मार्केट सुटलं. मग रविवारचं चर्च. आई नगरकडची ख्रिस्ती, बाबा वाशीमचे हिंदू. आमच्याकडे दिवाळीला आणि नाताळला त्याच करंज्या व्हायच्या, फक्त वाटायची घरं बदलायची. चर्चमध्ये ती पहिल्या रांगेत उभी राहून गायची. ते बंद झालं तेव्हा ती कणीक मळताना गायची, आणि मग तेही थांबलं. शेवटी लिफ्टसुद्धा नको झाली. मी नववीत गेले तोवर ती दूध घ्यायला दाराच्या चौकटीपर्यंत येत होती, त्यापुढे नाही. आज या आजाराला लोक सहज नाव देतात. नाव तेव्हाही होतं, पण आमच्या घरात ते कुणी घेतलं नाही. बाबा म्हणत, "मनाचं आहे, होईल ठीक." आई म्हणे, "पुढच्या महिन्यात बघू." आणि मी पिशवी उचलून खाली जाई.

आमचा फ्लॅट सातव्या मजल्यावर होता. विमानतळ जवळ, त्यामुळे दर थोड्या वेळाने डोक्यावरून विमान जायचं आणि बोलणारा माणूस वाक्याच्या मध्ये थांबून राहायचा. थंडीत हवा इतकी खराब व्हायची की खिडक्या महिना-महिना उघडत नसत. हवा साफ करणारं मशीन कोपऱ्यात दिवसभर घुरघुरत बसे. बाल्कनीच्या काचेतून गेट दिसायचं. मी गेटबाहेर पडले की आई काचेशी उभी राहायची, आणि मी दिसेनाशी झाले की फोन वाजायचा. "कुठे आहेस?" भाजीवाल्याकडे. "आता?" आता पैसे देतेय. "गर्दी आहे का?" नाही. मी कुठलीही वाट किलोमीटरमध्ये मोजत नसे, फोनांमध्ये मोजत असे. चक्की म्हणजे दोन फोन. औषधाचं दुकान तीन. चार फोनांच्या पलीकडे काय आहे ते मला माहीत नव्हतं. शाळेतल्या मुली सिनेमाला जायच्या, मॉलमध्ये जायच्या, त्यांनी मला विचारणं केव्हाच सोडून दिलं होतं. मला आईचा राग येत असे आणि राग आला की लाज वाटे, कारण ती ओरडत नव्हती, मारत नव्हती, बांधून ठेवत नव्हती. ती गरम चकोल्या वाढून त्यावर तुपाची धार धरायची आणि विचारायची, "अजून घे ना. दमलीस का?"

लायब्ररीचं बाबांनी काढलं. मार्केटच्या मागे सार्वजनिक वाचनालय होतं आणि तिथे दर शनिवारी चार ते सहा आमच्या वयाच्या मुलांसाठी पुस्तकांवर गप्पा आणि काही ना काही उपक्रम चालत, अशी नोटीस त्यांनी वाचली होती. आई म्हणाली, "दोन तास?" बाबा म्हणाले, "अगं वाचायलाच तर जातेय. जाऊ दे यार तिला." मग आई म्हणाली की आत फोन बंद ठेवायला लावतील, नाही का? मी म्हटलं, हो. असा काही नियम नव्हता.

तळमजल्यावर पेपर वाचणारे म्हातारे आणि परीक्षांच्या तयारीतली मुलं बसायची, वरच्या मजल्यावर आम्ही. सतरंजी, दहा-बारा मुलं, आणि कुमुद मॅडम. त्या लायब्रेरियन होत्या, पन्नाशीच्या, गळ्यात दोरीला चष्मा. त्या पुस्तकाबद्दल कधीच "यातून काय शिकलात" असं विचारायच्या नाहीत. विचारायच्या, "कौन सा पन्ना पढ़ के गुस्सा आया?" मग भांडणं लागायची. कधी एखाद्या प्रसंगाचं नाटक करायचो, कधी पुस्तकाचा शेवट आवडला नाही म्हणून दुसरा लिहून भिंतीवर लावायचो. पहिल्या दिवशी मी तासभर काही बोलले नाही, नुसती फोन वाजत नाही हे ऐकत बसले.

चौथ्या की पाचव्या शनिवारी आम्ही जी कादंबरी घेतली तिच्यातल्या मुलीची आई पहिल्याच प्रकरणात मरते. पुढे ती मुलगी एकटी प्रवासाला निघते, आणि मला ती फार आवडली होती. एक मुलगा म्हणाला, हे खोटं आहे, आई गेल्यावर कुणी असं हिंडेल का, घरी रडत बसेल. मी म्हणाले, का नाही हिंडणार? उलट तीच हिंडेल. तो म्हणाला, "तुझे कैसे पता?" सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "मेरी मम्मी नहीं हैं."

पुढे बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आले की मला 'इथे नाहीत', 'येत नाहीत' असं काहीतरी म्हणायचं होतं आणि ते अर्धवट बाहेर पडलं. ते खरं नाही. मला जे म्हणायचं होतं तेच मी म्हणाले. तो मुलगा ओशाळून सॉरी म्हणाला. कुमुद मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला. आणि मला इतकं हलकं वाटलं की भीतीच वाटली. त्या खोलीत मी अशी मुलगी होते जिला घरी कुणी वाट बघत उभं नाही. (माझी आई खरोखर गेली तेव्हा मी नातेवाइकांना फोन करायला बसले, आणि ते वाक्य माझ्या तोंडातून निघेना. चुलत भावाच्या बायकोने सगळ्यांना कळवलं. लोकांना वाटलं, दुःखाने माझी वाचा गेलीय. ते वाक्य मी एकदा वापरून टाकलं होतं, हे मी कुणाला सांगणार?)

त्या दिवशी सुटल्यावर जिन्यात एक मुलगी माझ्यासाठी थांबली. सदफ. शेजारच्या सेक्टरमध्ये राहायची, तिच्या वडिलांचं चष्म्याचं दुकान होतं. ती गटात फारशी बोलत नसे. तिने विचारलं, "कब हुआ?" मी म्हणाले, दोन साल. ती म्हणाली, "मेरा भी." आणि माझ्याशेजारी पायरीवर बसली.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मी पंधरा वर्षांची होते आणि मला मैत्रीण नव्हती. प्रत्येक शनिवारी आम्ही त्या पायरीवर दहा मिनिटं बसू लागलो, मग पंधरा. ती तिच्या अम्मीबद्दल बोलायची, मी माझ्या आईबद्दल. मी काही रचत नव्हते, आई जशी होती तशीच सांगत होते, फक्त 'होती' म्हणून. ती गायची. कारळ्याची चटणी करायची. खूप काळजी करायची. मॅडमनाही मी एकदा तिच्या गाण्याबद्दल सांगितलं होतं. भूतकाळात सांगितलं की आई किती छान वाटायची! घरी जाऊन मी तिच्याकडे बघितलं की ती मला तशी दिसत नसे, आणि याचाही राग मी तिच्यावरच काढत असे. एका शनिवारी सदफने मला एक गोष्ट सांगितली जी तिने अब्बूंनाही सांगितली नव्हती. अम्मी गेली त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये सदफ एकटीच तिच्याजवळ होती. तिला भूक लागली म्हणून ती कँटीनमध्ये पॅटीस खायला गेली. गरम होता म्हणून फुंकून फुंकून खाल्ला. परत आली तेव्हा नर्सने पडदा ओढलेला होता. "मैंने सॉस भी लिया था," ती म्हणाली आणि रडायला लागली. मी तिचा हात धरला. माझेही डोळे भरून आले. ते खोटं नव्हतं, पण त्याने काय फरक पडतो!

डिसेंबरच्या आधी मॅडमनी आम्हा सगळ्यांना शहरातलं एक जुनं मोठं ग्रंथालय दाखवायला न्यायचं ठरवलं. प्रत्येकाने घरच्यांची सही असलेला फॉर्म दिला. मी बाबांची सही आणली. त्यांना म्हणाले, आईला मी सांगते, आणि सांगितलं नाही. फोन नंबरच्या जागी मला बाबांचा लिहायचा होता. पण जो नंबर दिवसातून वीस वेळा समोर येतो तोच हातातून उतरला.

शनिवारी मी वर गेले तेव्हा मॅडम हसून म्हणाल्या, "कल तुम्हारे घर बात हुई. तुम्हारी मौसी से. कितनी अच्छी हैं!"

मला समजलं नाही. मला मावशी नाही.

"कह रही थीं, तुम्हारी मम्मी बहुत अच्छा गाती थीं," मॅडम म्हणाल्या. "मैंने कहा, रेवा ने भी यही बताया था."

ते दोन तास मी कुठलं पुस्तक धरून बसले होते, आठवत नाही. सदफला पोट दुखतंय म्हणून सांगून मी घरी आले. फोन काल आला होता, म्हणजे शुक्रवारी. शुक्रवारी संध्याकाळी आईने मला मेथीचे पराठे करून दिले होते. शनिवारी सकाळी माझ्या केसांना तेल लावलं होतं. मी निघाले तेव्हा "स्वेटर घे" म्हणाली होती. तेव्हा तिला सगळं माहीत होतं.

आई स्वयंपाकघरात डाळ निवडत होती. मी दारात उभी राहिले. ती वर न बघता म्हणाली, "तुझ्या मॅडम चांगल्या आहेत गं. आवाज फार मऊ आहे."

"आई..."

"आधी वाटलं, तुला शाळेत काही झालं. अनोळखी नंबर होता ना. त्या म्हणाल्या, रेवा की मम्मी तो हैं नहीं, तो घर में किससे बात करूँ." तिने एक खडा बाजूला काढला. "मग मी म्हटलं, मौसी बोल रही हूँ."

"का असं म्हणालीस?"

"मग काय म्हणू? मीच मम्मी बोलतेय म्हणाले असते तर तू तिथे सगळ्यांसमोर कशी उभी राहिली असतीस?" डोक्यावरून विमान गेलं. ते जाईपर्यंत ती थांबली. मग म्हणाली, "कशाने गेले मी? काय सांगितलंयस तू?"

"काही नाही. कुणी विचारलं नाही."

"मला विचारलं त्यांनी. मी म्हटलं, आजारी होती." आणखी एक खडा काढून म्हणाली, "ते काही खोटं नाही."

मी खाली बसले आणि तिच्या मांडीत डोकं खुपसून रडले. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. रडता रडता मी सगळं सांगितलं, आणि त्यात सदफचंही सांगितलं. जिना, तिची अम्मी, तो पॅटीस. आईचा हात थांबला. तिने मला खांद्याला धरून सरळ बसवलं. तिचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता.

"तिची खरंच गेलीय?"

"हो."

"आणि तू तिच्याकडून हे ऐकून घेतलंस?" आई जवळजवळ ओरडली. "माझं सोड. माझ्यापुरतं असतं तर मी जन्मभर मावशी झाले असते, माझं काय जातंय! पण त्या पोरीची आई गेलीय, रेवा. तिच्याशी खेळलीस तू." ती उठून आत गेली. त्या दिवशी वरण तिने केलं, पण वाढायला आली नाही. बाबांनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, डोकं दुखतंय तिचं.

पुढच्या शनिवारी मी सदफला पायरीवरच गाठलं आणि सांगितलं. तिला वाटलं, मी गंमत करतेय. मग विचारलं, "जिंदा हैं?" मी मान हलवली. "घर पे हैं? अभी?" मी हो म्हटलं. ती अगदी हळू म्हणाली, "तो वो पैटीज वाली बात मैंने किसको बताई?"

ती जिना उतरून निघून गेली. कुमुद मॅडमना मी वर जाऊन सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले आणि म्हणाल्या की तू येत राहू शकतेस, पण सदफला यायचं असेल तर तिचा हक्क आधी. मला ते पटलं. मी जाणं बंद केलं. सहलीलाही गेले नाही. पुढे कळलं की सदफही गेली नव्हती.

त्यानंतरचे शनिवार फार वाईट होते. खिडक्या बंद, मशीनची घुरघुर, बाबा टीव्हीसमोर, आई इस्त्रीच्या कपड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घालतेय आणि मी माझ्या खोलीत. आता मला बाहेर जायची इच्छाही राहिली नव्हती. पूर्वी निदान दाराचा राग येत असे.

असे चार-पाच शनिवार गेले. मग एका शनिवारी जेवण झाल्यावर आई साडी नेसून आली. घरात ती गाऊनवरच असायची. मला म्हणाली, "चल. मला त्या मुलीकडे घेऊन चल."

बाबा टीव्ही बंद करून उभे राहिले. ते काहीतरी बोलणार होते, पण आई म्हणाली, "तुम्ही नका येऊ. तुम्ही आलात की मी परत फिरेन." लिफ्ट नको म्हणाली, म्हणून आम्ही जिन्याने निघालो. सात मजले. सहाव्यावर तिने भिंतीला हात लावला. पाचव्यावर ती थांबली आणि मोठमोठ्याने श्वास घेऊ लागली, आणि मला वाटलं, संपलं. तिचा तळवा घामाने इतका भिजला होता की माझ्या हातातून निसटत होता. "बोल काहीतरी," ती म्हणाली. काय बोलावं सुचेना म्हणून मी तिला ती कादंबरी सांगायला लागले, ती आई नसलेली मुलगी, तिचा प्रवास. तिसऱ्या मजल्यावर आईने विचारलं, "मग पोचते का ती?" मी म्हटलं, पोचते. खाली उतरून आम्ही बागेच्या कडेने गेटपर्यंत गेलो. तिथे तिचे पाय थांबले ते थांबलेच. बाहेर रस्ता होता, ई-रिक्षा होत्या, शनिवारची गर्दी होती. गार्ड मला ओळखायचा, आईला त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याने आपली प्लास्टिकची खुर्ची पुढे केली. आई त्यात बसली आणि डोळे मिटून म्हणाली, "याच्यापुढे नाही गं होत."

मी सदफला मेसेज केला. लिहिलं की माझी आई तुझ्या घरी यायला निघालीय, दोन वर्षांत पहिल्यांदा खाली उतरलीय, गेटपर्यंत पोचलीय, याच्यापुढे तिला येता येत नाही. तू येशील का? माझ्यासाठी नको. मेसेज तिने वाचल्याचं दिसलं. उत्तर आलं नाही. आईला मी वर चल म्हटलं, ती म्हणाली, थांबू थोडं. गार्डने तिला पाणी दिलं. पाऊण तास गेला असेल. मग एक ई-रिक्षा थांबली आणि तिच्यातून सदफ उतरली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. आईसमोर येऊन उभी राहिली.

आई उठायला गेली, तिला उठता आलं नाही. बसल्या बसल्याच म्हणाली, "बेटा, मैं रेवा की मम्मी. फोन पे मौसी भी मैं ही थी." तिचं हिंदी नेहमीच जरा अडखळायचं. "माफी माँगने आ रही थी. इतना ही आ पाई."

सदफने विचारलं, "आंटी, आपको बुरा नहीं लगा? इसने ऐसा बोला आपके बारे में."

"लगा," आई म्हणाली. "बहुत लगा. रात भर लगा."

"फिर भी आपने बचा लिया इसको."

आईने तिच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बेटा, तुम्हारी अम्मी ने ही बोला होगा ना उस दिन, जाओ कुछ खा लो?"

सदफने मान हलवली. हो, अम्मीनेच पाठवलं होतं. इतक्या दिवसांत ते तिने मला सांगितलं नव्हतं, कदाचित स्वतःलाही नाही. "मग ती तेच बघत होती," आई मराठीतच बोलून गेली, "की तू खाल्लंस का." सदफला मराठी येत नव्हतं. पण ती आईच्या खुर्चीशेजारी फरशीवरच बसली आणि आईने तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी गार्डच्या केबिनपाशी जाऊन उभी राहिले.

आई बरी झाली असं मी लिहिणार नाही. त्यानंतरही ती महिनोन् महिने वरच होती. डॉक्टरकडे जायला लागली ती मी बारावीत असताना, आणि तेही हळूहळू, दोन पावलं पुढे, एक मागे. सदफने मला माफ केलं का, ते मी कधी विचारलं नाही. ती माझी मैत्रीण पुन्हा झाली नाही. पण दर शनिवारी चारच्या सुमाराला ती आमच्याकडे यायची. आईला वाचून दाखवायची, आईकडून कारळ्याची चटणी शिकली, एकदा दोघी गात असल्याचं मी माझ्या खोलीतून ऐकलं. माझ्याशी ती मोजकंच बोलायची. बेल वाजली की दार मीच उघडायचे. ती चपला काढत, माझ्याकडे न बघता विचारायची, "आंटी हैं?"

आणि मी म्हणायचे, "हैं."